मेस्त्रींची फळी

मेस्त्रींच्या शोकसभेत सात जण बोलले. सातही जणांच्या बोलण्यात एक वाक्य कुठं ना कुठं आलंच : 'मेस्त्रींचा स्वभावच तसा होता.' मोल्डिंग शेडमधले वाळूचे ढीग बाजूला सारून सतरंज्या अंथरल्या होत्या. भट्टी बंद होती. त्या शेडमध्ये न ओरडता बोललेलं ऐकू येतं, हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आठवा मी बोलणार होतो. उठलो, माईक हातात घेतला, आणि माझ्याही तोंडात तेच वाक्य आलं. मग काहीच बोललो नाही. हात जोडले आणि खाली बसलो.

वाक्य खोटं होतं असं नाही. पण स्वभाव म्हटलं की त्यात माणसाचं स्वतःचं काही उरत नाही. उंची मिळते, नाकडोळे मिळतात, तसा स्वभावही मिळाला, एवढंच होतं. मेस्त्रींना तो तसा मिळालेला नव्हता. लोकांशी नीट वागणं त्यांनी एखाद्या कामासारखं हाती घेतलं होतं, त्यात चुकले होते, आणि पुन्हा बसून ते दुरुस्त केलं होतं. मी ते होताना पाहिलंय. त्या दिवशी सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

१९९८ साली डिप्लोमा संपवून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ट्रेनी म्हणून लागलो. पहिले सहा महिने पॅटर्न शॉपमध्ये काढायचे, असं सांगण्यात आलं. मला ते मानवलं नव्हतं. शिकलो होतो लोखंडाबद्दल, आणि बसवलं होतं लाकडात. पत्र्याच्या शेडखाली सागवानाचा भुसा, चपडा आणि स्पिरिटचा वास, भिंतीला टांगलेले पन्नासेक पॅटर्न, आणि कानामागं पेन्सिल खोचलेला पस्तिशीचा एक माणूस. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण त्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. मालकापासून चहावाल्या पोरापर्यंत सगळ्यांचे ते मेस्त्री.

ज्यांनी फौंड्री पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लोखंडाची वस्तू ओतायची, तर वाळूत आधी तिच्या आकाराची पोकळी करावी लागते. ती ज्याच्यामुळं होते तो पॅटर्न. पण तो वस्तूएवढाच करून भागत नाही. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, बिडाच्या बाबतीत मीटरमागं साधारण १० मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. ओतलेल्या वस्तूला पुढं लेथवर जिथं तासायचं असेल, तिथं आणखी दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवायचे. वाळूतून वर उचलताना कडा ढासळू नयेत म्हणून उभ्या बाजूंना डोळ्याला जाणवणार नाही इतका उतार द्यायचा. आत पोकळ हवं असेल तर त्या पोकळीसाठी वेगळी कोअर, म्हणजे वाळूचा गाभा, तिची वेगळी पेटी. म्हणजे जी वस्तू अजून नाही, ती कशी आकसेल, कुठं तासली जाईल, कुठून बाहेर निघेल, हे सगळं लाकूड कापायच्या आधी डोक्यात यायला हवं. मेस्त्री सातवी शिकलेले होते.

त्यांच्याकडं एक पोलादी पट्टी होती. दिसायला साधी फूटपट्टी, पण तिच्यावरची प्रत्येक रेघ नेहमीच्या मापापेक्षा कणभर मोठी. कॉन्ट्रॅक्शन स्केल. आकसणं आधीच धरून आखलेली. पहिल्या दिवशी ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "ही घिऊन कापड आणाय जाऊ नको म्हंजे झालं." मी हसलो नाही. मी रुसूनच बसलो होतो. त्यांनी ते पाहिलं, आणि दुपारी डबा खाताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "सहा म्हयन्यानं तुला भट्टीवर पाठवत्यात. तवर हितलं शिकून घे. भट्टीवाल्याला लाकूड कळलं तर भट्टी बरी चालती."

आता फळीबद्दल. पॅटर्न सुरू करण्याआधी मेस्त्री प्लायवूडच्या एका मोठ्या फळीवर पूर्ण मापाचं चित्र काढत. ड्रॉइंग कागदावर कितीही लहान असो, फळीवर ते खऱ्या आकारात उतरायचं, त्याच पट्टीनं. सगळे पॅटर्नमेकर करतात हे. मेस्त्रींच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यात मात्र आणखी काही असे. बारीक अक्षरात, पेन्सिलनं : 'वॉचमन – डोळा – गुरुवार.' 'भट्टी – थोरला – दहावी.' 'फेटलिंग – आई – सीपीआर.' कितीतरी दिवस मला ते कामाचेच काही खुणेचे शब्द वाटले. गुरुवारी वॉचमनच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि शुक्रवारी सकाळी मेस्त्री सायकल स्टँडला लावताना बदलीच्या वॉचमनला त्याच्याबद्दल विचारत होते, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. फेटलिंग म्हणजे ओतलेल्या वस्तू साफ करणारं खातं, सीपीआर म्हणजे इथला सरकारी दवाखाना.

मी एकदा म्हणालो, "मेस्त्री, तुमच्या लक्षात राहतं की सगळं."

"राहत न्हाई. म्हणून तर लिहितोय."

ही फळी दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रंधून पांढरी केली जायची. दुसऱ्या दिवशी हत्यारं पुजायची, तेव्हा फळीही हळदकुंकू लावून उभी. वर्षभराची सगळी दुखणी, परीक्षा, बारशी भुशात गेलेली असत.

मेस्त्री आधी कसे होते हे मला भट्टीवरच्या जुन्या माणसांनी सांगितलं, आणि त्याची एक झलक मीही पाहिली. हाताखालच्या एका पोरानं मापाचा सागवानी ठोकळा उलट्या बाजूनं कापला. सतरा वर्षांचं पोर, शिरोळकडचं. मेस्त्री त्याला जे बोलले ते मी इथं लिहिणार नाही. आईवरून नव्हतं, पण लागेल असं होतं, त्याच्या घरच्या गरिबीवरून होतं. पोर तसंच उभं राहिलं. संध्याकाळी गेलं ते दुसऱ्या दिवशी आलं नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

सोमवारी आमची सुट्टी. मंगळवारी ते पोर मेस्त्रींच्या मागोमाग शॉपमध्ये आलं. मेस्त्री सोमवारी एसटीनं त्याच्या गावाला गेले होते. तिथं काय बोलणं झालं हे दोघांनीही कधी सांगितलं नाही. आल्यावर मेस्त्रींनी आम्हा चौघांसमोर त्याला म्हटलं, "चुकलं माझं," आणि कामाला लागले. तेव्हापासून एक बदल मी पाहिला. राग आला की ते कानामागची पेन्सिल काढायचे आणि पटाशीनं तिला टोक करत बसायचे. टोक असलं तरी. पेन्सिल संपत आली असेल तर समजायचं, आठवडा वाईट गेलाय. हे मी चार-पाच वर्षं बघितलं. मग हळूहळू पेन्सिली जास्त दिवस पुरायला लागल्या.

आपल्या कोल्हापुरात रांगडेपणाच्या नावाखाली पुष्कळ खपून जातं. 'आमची भाषाच तशी, मनात काही नसतं' असं आपण बिनदिक्कत म्हणतो. मीही म्हणत आलोय. मेस्त्री त्याच मातीतले, शिवी त्यांच्याही जिभेवर होती. पण मनात काही नसेल तर तोंडात तरी कशाला आणायचं, असं ते सरळ विचारायचे, आणि मला आजवर त्याचं उत्तर देता आलेलं नाही.

माझीही एक चूक त्यांच्या हातून गेलेली आहे. २००१ साल असेल. पंपाच्या केसिंगचं काम होतं, ड्रॉइंग मी वाचून फळीवर उतरवून दिलं. फ्लँजच्या, म्हणजे जोडासाठीच्या कडेच्या, तोंडाला लेथवर तासण्यासाठी जे ३ मिलिमीटर जास्त धरायला हवे होते, ते मी धरलेच नाहीत. पॅटर्न झाला, बारा कास्टिंगं ओतली गेली, मशीन शॉपला गेली आणि तिथून बोलावणं आलं. तोंड साफ करायला गेलं की फ्लँज मापाच्या खाली जायची. बाराच्या बारा पुन्हा भट्टीत. मालकांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. मला वाटत होतं मेस्त्री सांभाळून घेतील. ते म्हणाले, "ड्रॉइंग ह्यानं वाचलं. तपासायचं काम माझं हुतं, मी तपासलं न्हाई." बस्स. माझी चूक त्यांनी आपल्या अंगावर घेतली नाही, आपली माझ्या अंगावर टाकली नाही. ज्याची जेवढी होती तेवढी ठेवली.

त्या रात्री आम्ही दोघंच थांबलो. फ्लँजच्या तोंडावर सागवानाची तीन मिलिमीटरची चकती चिकटवायची, कडेनं गोलाई मिळवून घ्यायची, चपडा मारायचा. नऊच्या सुमारास काकींनी, म्हणजे मेस्त्रींच्या बायकोनं, थोरल्या मुलीबरोबर डबा पाठवला. दोन माणसांचा. मेस्त्रींनी घरी काही कळवलं असेल असं मला वाटलं. तसं काही नव्हतं. पुढं काकींकडूनच कळलं, रात्रपाळीचा डबा त्या घरातून नेहमी दोघांचाच निघायचा. कुणी तरी सोबत थांबलेलं असणारच, असा हिशेब.

त्यांचं घर उत्तरेश्वर पेठेत. दोन खोल्या आणि माडी. आई, काकी, दोन मुली. आईला अर्धांगवायू झाला तेव्हापासून मेस्त्री दुपारच्या सुट्टीत उद्यमनगरातून सायकलनं घरी जायचे, आईला चार घास भरवायचे आणि परत यायचे. स्वतःचा डबा इथं परतल्यावर, उभ्या उभ्या. काकी घरात होत्याच की, त्या भरवू शकत होत्या. मी एकदा तसं म्हणालो. ते म्हणाले, "ती सकाळधरनं करतीया. तिला अर्धा तास कोण देणार?"

अंबाबाईच्या किरणोत्सवाला मात्र ते तासभर लवकर सुटायचे. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. आई चालती होती तोवर आईला घेऊन जायचे. ती अंथरुणाला खिळल्यावर एकटे जायचे, गर्दीत उभं राहून बघायचे आणि घरी येऊन तिला सांगायचे. कधी ढग आडवे येत, कधी किरणं कमरेपाशीच विरून जात. जे झालं तेच सांगायचे. आई डोळे मिटून ऐकायची आणि हात वर करायचा प्रयत्न करायची, नमस्कारासाठी. हे मला त्यांच्या धाकटीनं सांगितलं, रक्षाविसर्जनाच्या दिवशी.

मुलींना त्यांनी फुटबॉलचं वेड लावलं होतं. शाहू स्टेडियमवर त्या काळी मुली फारशा दिसायच्या नाहीत. मेस्त्री आठ वर्षांच्या थोरलीला खांद्यावर घेऊन जायचे. स्वतः दिलबहार संघाचे, आणि भट्टीवरचा मुख्य ऑपरेटर पाटाकडील संघाचा. सामन्याआधीचे आठ दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत, आणि सामन्यानंतर हरणाऱ्यानं साऱ्या खात्याला कटवडा. गॅलरीत कुठं शिवीगाळ सुरू झाली की मेस्त्री पोरीला घेऊन दुसरीकडं जाऊन बसत. एका सामन्यात चार-चार जागा बदलत. पण सामना सोडून यायचे नाहीत. पोरींनी बघावं, हे त्यांना महत्त्वाचं वाटायचं. थोरली पुढं शाळेत खेळाची शिक्षिका झाली. धाकटी बँकेत आहे.

आणि सोमवारची संध्याकाळ काकींची. रंकाळ्यावर दोघं चालत यायचे. पदपथावरून निम्मी फेरी, मग कठड्यावर बसणं, अबोलीचा गजरा, भेळ. कितीही घाईचं काम असो, सोमवारी मेस्त्रींना बोलवायचं नाही हे मालकांनाही ठाऊक होतं.

२०१९चा ऑगस्ट कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. पंचगंगा त्या वेळी ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीपाशी हायवे बंद, शहराला वेढा. मेस्त्रींच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं. आई त्याआधी दोन वर्षं गेलेली. घरातली माणसं पाहुण्यांकडं हलवून मेस्त्री गल्लीतच थांबले, म्हाताऱ्यांना वरच्या माळ्यावर नेण्यासाठी.

पण मला सांगायचंय ते पाणी ओसरल्यानंतरचं. चिखल काढून झाला आणि गल्लीतल्या घरोघरी एकच तक्रार सुरू झाली : दारं लागत नाहीत. लाकूड पाणी पिऊन फुगलेलं. लोकांनी सुतार बोलावले, सुतार रंधे घेऊन आले. मेस्त्री दारोदार फिरून सांगत सुटले, "आत्ता तासू नका. वाळू द्या. आत्ता मापात बसवलं तर उन्हाळ्यात बोटभर फट पडंल." लोक चिडायचे. दार लागत नसलेल्या घरात झोपायचं कसं? मग मेस्त्रींनी एक मार्ग काढला. शॉपमधल्या भंगार फळ्यांच्या पट्ट्या करून दारांना तात्पुरते अडसर बसवून दिले. कामावरून सुटल्यावर, रोज दोन-तीन घरं. दिवाळी झाली, थंडी पडली, दारं हळूहळू आपल्या जागी आली. काहींना मग थोडासा रंधा लागला, तोही त्यांनीच मारला. त्या दोन-अडीच महिन्यांत आमच्याकडं कॉम्प्युटरवर पॅटर्न कापणारं मशीन आलं होतं, आणि दिवसभर ते त्यासमोर चष्मा लावून बसत, वहीत बटणांची चित्रं काढत शिकत होते. वय छप्पन्न. शिकवणारा कोण, तर शिरोळकडचं तेच पोर. आता त्याचं स्वतःचं युनिट आहे.

मेस्त्री गेले जानेवारीत. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. बासष्ट वर्षं. निवृत्तीनंतरही ते दिवसातून चार तास येत होतेच.

पंचगंगेच्या स्मशानात मी त्यांच्याबरोबरच पहिल्यांदा गेलो होतो, पण कुणाला पोचवायला नाही. आपल्याकडं महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, आणि होळीला लोक होळी लहान करून उरलेल्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, स्मशानभूमीला दान देतात. मेस्त्री दरवर्षी कारखान्यातून वर्गणी काढत. पन्नास रुपये, शंभर, ज्याला जमेल ते. वडणग्यातल्या एका बाईंकडून शेणी घ्यायच्या, टेम्पो भरायचा आणि धुळवडीच्या आधी नेऊन रचून यायचं. रचताना ते मध्ये हवा खेळेल अशा रचायला लावत, ओल धरू नये म्हणून. तरणी पोरं कंटाळायची. मी म्हणालो होतो, "मेस्त्री, जळायच्याच आहेत की." ते म्हणाले, "मग नीट जळू देत. ओली शेणी लई धूर करती. मागं उभ्या माणसाच्या डोळ्यात आधीच पाणी असतं."

जानेवारीत त्यांच्या चितेचा धूर फार झाला नाही. मी मुद्दाम बघत होतो. त्या शेणी आम्ही गेल्या होळीला रचलेल्यांपैकीच होत्या का, कोण जाणे. दोन्ही मुलींनी मिळून अग्नी दिला. दिलबहारवाले आले होते, पाटाकडीलचेही. भट्टीवरचा ऑपरेटर पार मागं उभा राहून पेन्सिलीला टोक करत होता, घरून आणलेल्या ब्लेडनं. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

फळी अजून शॉपमध्ये आहे. उजव्या कोपऱ्यात शेवटच्या सहा ओळी. त्यातली एक माझ्या मुलीच्या बारावीच्या प्रॅक्टिकलची. खाली एक ओळ अर्धवट : 'स्टोअर – बायको –'. पुढं काही नाही. स्टोअरमधल्या पोराला मी विचारलं. त्याची बायको गरोदर आहे, तारीख डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेली नव्हती. त्यानं आता ती सांगितली, आणि मी पेन्सिल घेऊन त्या ओळीपुढं लिहिली. माझं अक्षर तिथं परकं दिसतं.

होळीच्या आधीच्या सोमवारी मी आणि ऑपरेटर वर्गणीचे पैसे घेऊन वडणग्याला गेलो. त्या बाई अंगणातच होत्या. भिंतीला लावलेल्या शेणी उतरवून रचत होत्या. मेस्त्री गेल्याचं त्यांना कळलं होतं. पैसे पुढं केले तर त्यांनी हात मागं घेतला.

"यंदाचं दिवाळीतच दिऊन गेल्यात की मेस्त्री. दरसाल तसंच देत्यात. मला पावसाळ्यानंतरचं शेण साठवाय बरं पडतंय म्हणून."

म्हणजे इतकी वर्षं होळीला निघणारी आमची वर्गणी पुढच्या दिवाळीपर्यंत ते सांभाळून ठेवत, किंवा कमी पडली तर स्वतःची घालत. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. ऑपरेटर माझ्याकडं बघत राहिला, मग टेम्पोचं फाळकं उघडायला गेला. शेणी भरून झाल्यावर मी पैसे पुन्हा पुढं केले आणि म्हणालो, "मावशी, हे पुढच्या वर्षीचे."

त्यांनी मोजले नाहीत. पदराच्या टोकाला गाठ मारली आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेल्या.